जन्मठेपेच्या वर्षांचा हिशेब

सांगली किंवा साताऱ्याच्या सत्र न्यायालयात खुनाच्या खटल्याचा निकाल लागतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर ठळक बातमी येते. बांधावरून झालेला वाद, कोयत्याचे वार, फितूर झालेले आणि न झालेले साक्षीदार, सरकारी वकिलांचा युक्तिवाद आणि शेवटी आरोपीला जन्मठेप झाल्याची ओळ. वाचणाऱ्यांच्या लेखी प्रकरण तिथे मिटते. ज्याला शिक्षा झाली त्याचे आणि ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांचे पुढचे आयुष्य मात्र त्या ओळीनंतर सुरू होते, आणि त्याबद्दल आपण सहसा काही विचारत नाही. चौदा, अठरा, बावीस वर्षांनी तो माणूस सुटून गावात येतो तेव्हा मग अचानक सगळ्यांना प्रश्न पडतो, की याला सोडले कोणी आणि कशाच्या आधारावर.

हा प्रश्न योग्यच आहे, पण तो फार उशिरा विचारला जातो. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्या माणसाला शासन आपल्या ताब्यात दीड-दोन दशके ठेवते, त्याच्या जेवणाचा, कपड्यांचा आणि पहाऱ्याचा खर्च करते. पण या काळात तो माणूस काय होता आणि काय झाला याची विश्वासार्ह नोंद कोणीच ठेवत नाही. सुटकेचा निर्णय घ्यायची वेळ आली की सगळी यंत्रणा पुन्हा त्या एका दिवसाकडे, गुन्ह्याच्या दिवसाकडे, वळते. मधली वर्षे जणू घडलीच नाहीत असे धरून हा निर्णय होतो. ही पद्धत कैद्यावर अन्याय करते, मृताच्या कुटुंबावर अन्याय करते आणि ज्या गावात तो परतणार आहे त्या गावालाही अंधारात ठेवते, असे माझे ठाम मत आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे पारावरच नव्हे तर शिकलेल्या घरांतही बोलले जाते. कायद्यात तसे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच, गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात, स्पष्ट केले होते. शासनाने शिक्षेत सूट दिली तरच तो माणूस बाहेर येतो. सूट मागण्याचा, म्हणजे आपल्या अर्जाचा विचार व्हावा असे म्हणण्याचा, त्याला हक्क आहे, पण सूट मिळण्याचा नाही. चौदा वर्षांचा आकडा आला तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 1978 च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षे आत काढल्याशिवाय सुटकेचा विचारच करता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झाले, खुनाचे कलम 302 जाऊन भारतीय न्याय संहितेचे कलम 103 आले, तरी चौदा वर्षांची ही अट नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कायम आहे. चौदा वर्षे म्हणजे सुटका नव्हे. त्या दिवशी फक्त फाईल उघडते. पुढे महाराष्ट्र शासनाने ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, गुन्हा कोणत्या प्रकारचा होता, बळी कोण होता, क्रौर्य किती होते, पूर्वनियोजन होते का, यावरून प्रत्येकाचा वर्ग पडतो आणि त्या वर्गाप्रमाणे वर्षे वाढतात.

हा विषय मूठभर माणसांचा आहे असेही कोणी समजू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटला संपण्याची वाट पाहणारे, आणि 1,33,415 शिक्षा झालेले. या शिक्षाबंद्यांपैकी निम्म्याहून अधिक जण जन्मठेप भोगत होते. म्हणजे आपल्या देशात शिक्षा भोगणारा कैदी म्हणजे प्रामुख्याने जन्मठेपेचा कैदी, आणि त्यातही खुनाच्या गुन्ह्यातला. तुरुंग सुधारणेची सगळी चर्चा मात्र कच्च्या कैद्यांभोवती फिरते. ती आवश्यक आहेच, कारण दोष सिद्ध न झालेल्याला वर्षानुवर्षे डांबणे लाजिरवाणे आहे. पण दोष सिद्ध झालेल्याबद्दल बोलायला कोणी पुढे येत नाही, कारण त्याची बाजू घेणे म्हणजे खुनाची बाजू घेणे असा अर्थ लावला जातो.

आपल्या भागातल्या एका कल्पित माणसाचे उदाहरण घेऊ. जत तालुक्यातला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा शेतकरी. चुलतभावाशी बांधावरून तीन वर्षे धुसफूस, तलाठ्याकडे हेलपाटे, एका संध्याकाळी शब्दाला शब्द, आणि हातात असलेली कुऱ्हाड. आपल्याकडच्या खुनांचे स्वरूप ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे उदाहरण ताणलेले वाटणार नाही. बांध, पाण्याची पाळी, वाटणी, दारू, बायकोच्या चारित्र्यावरचा संशय, निवडणुकीतली खुन्नस. सुपारी घेऊन मारणारे आणि टोळ्या चालवणारे नाहीत असे नाही, वर्तमानपत्रांत ते जास्त दिसतात. पण तुरुंगातल्या बराकी मोठ्या प्रमाणावर भरतात त्या अशा एका संध्याकाळच्या माणसांनी. संपूर्ण देशाच्या आकडेवारीतही खुनामागच्या कारणांत वाद आणि वैयक्तिक वैर हीच कारणे वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर राहिली आहेत.

हा माणूस खटला संपेपर्यंत सांगलीच्या जिल्हा कारागृहात राहतो. याच तुरुंगाच्या तटावरून 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उड्या टाकल्या होत्या, आणि सांगलीकर ते आजही अभिमानाने सांगतात. प्रतिसरकारच्या या मुलखात तुरुंगात जाणे हा एकेकाळी घराण्याचा मान होता, तरी तुरुंग आतून कसा असतो याविषयी इथे आता कमालीची अनास्था आहे. शिक्षा लागली की त्याची रवानगी कोल्हापूरच्या कळंबा मध्यवर्ती कारागृहात किंवा पुण्याच्या येरवड्यात होते. जतहून कळंब्याला मुलाकातीसाठी यायचे तर म्हाताऱ्या आईचा सबंध दिवस एसटीत आणि स्टँडवर जातो. येरवड्याला जायचे तर दिवस पुरत नाही. पहिली दोन वर्षे घरचे नेमाने येतात. मग सुगी असते, मुलाची शाळा असते, पैसे नसतात. पाचव्या-सहाव्या वर्षी दिवाळी सोडली तर कोणी येत नाही. अलीकडे कार्डावरून घरी फोन करता येतो, व्हिडिओ कॉलही होतात आणि हे चांगलेच झाले आहे. बंद्यांच्या लहान मुलांना आई-वडिलांना काचेआडून न भेटता जवळ घेऊन भेटता यावे म्हणून महाराष्ट्रातील कारागृहांनी 'गळाभेट' हा उपक्रम चालवला, त्याचेही मोल मोठे आहे. पण वर्षातून एखाद्या दिवसाची ती भेट असते.

आतला दिवस फार लवकर सुरू होतो आणि फार लवकर संपतो. पहाटे बराक उघडते, गिनती होते, चहा, नाष्टा, मग काम. संध्याकाळचे जेवण उन्हातच वाटले जाते आणि सूर्य मावळायच्या सुमारास पुन्हा गिनती होऊन बराकीला कुलूप लागते. त्यानंतरचे बारा तास शेजाऱ्याच्या अंगाला अंग लागेल अशा जागेत काढायचे असतात, कारण बहुतेक मध्यवर्ती कारागृहांत क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबलेली असतात. जन्मठेपेच्या कैद्याचा खरा सामना या बारा तासांशी असतो. मारहाण, दादागिरी, भ्रष्टाचार यांविषयी अधूनमधून छापून येते, ते खोटे नाही. पण त्यांहून अधिक माणसाला पोखरते ती दिवसांची एकसारखी रांग. या रांगेचे शेवटचे टोक ठाऊक नसते, ही तिची खरी शिक्षा आहे. दहा वर्षांची शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकतो. जन्मठेपेच्या कैद्याला मोजायला आकडाच दिलेला नसतो.

काम मिळते. सुतारकाम, विणकाम, शिवण, शेती, बेकरी. येरवड्याचे लाकडी सामान लोक आवडीने घेतात, आणि कळंब्यात बंद्यांनी वळलेले लाडू काही काळ अंबाबाईच्या भक्तांच्या हातात प्रसाद म्हणून पडले आहेत. ज्याच्या हातून एकदा खून घडला त्याच हातांनी वळलेला प्रसाद कोल्हापूरकरांनी निःशंकपणे स्वीकारला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपला समाज बोलतो त्याहून अधिक क्षमाशील असतो. मजुरी मात्र 2023 च्या वाढीनंतरही दिवसाला शंभर रुपयांच्या आतच राहिली. कैद्यांना न्याय्य वेतन द्यावे आणि त्यातला काही भाग बळीच्या कुटुंबासाठी राखावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितले होते. वेतनच इतके तुटपुंजे असेल तर त्यातून स्वतःच्या मुलांचे काय भागणार आणि मृताच्या मुलांना काय मिळणार? 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेच्या मदतीने 'जिव्हाळा' नावाची योजना सुरू झाली आणि कैद्याला त्याच्या तुरुंगातल्या मजुरीच्या भरवशावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू लागले. सहकाराच्या या पट्ट्यातल्या वाचकांना त्यातले मर्म चटकन कळेल. ज्याला समाजाने नालायक ठरवले त्याच्या श्रमाला तारण म्हणून मान्यता मिळाली, आणि मुलीच्या फीसाठी त्याला कोणाच्या पाया पडावे लागले नाही.

शिक्षणाची दारेही उघडी आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची केंद्रे कारागृहांत आहेत, तिथून पदवी घेऊन बाहेर पडलेले बंदी आहेत. याच्या जोडीला एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. आत कोणी झाडू मारायचा आणि कोणी स्वयंपाक करायचा हे अनेक राज्यांत जातीवरून ठरत होते, तशा तरतुदी तुरुंगांच्या नियमपुस्तकांत छापलेल्या होत्या, आणि त्या घटनाबाह्य ठरवायला ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला. जिथे माणसाला सुधारायचे म्हणून ठेवले, तिथेच त्याला त्याची जात शिकवली जात होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या त्या जतच्या माणसाने समजा दहा वर्षे नीट काढली, सुतारकाम शिकला, बी.ए. झाला, भांडणात पडला नाही. यातले बाहेर काय पोचते? तो संचित रजेसाठी किंवा अभिवचन रजेसाठी, म्हणजे आपण ज्याला फर्लो आणि पॅरोल म्हणतो त्यासाठी, अर्ज करतो. अर्ज त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडे जातो. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला कधी पाहिलेले नसते. गुन्हा घडला तेव्हा तो अधिकारी कदाचित शाळेत असेल. एक हवालदार गावात जातो, पोलीस पाटलाला विचारतो, मृताच्या घरच्यांचा जबाब घेतो. ते अर्थातच नको म्हणतात. त्यांनी हो म्हणावे अशी अपेक्षा करणेही चूक आहे. मग अहवाल लिहिला जातो, की संबंधित बंदी गावात आल्यास शांततेचा भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही. हे वाक्य इतके साचेबद्ध झाले आहे की ते लिहिणाऱ्यालाही त्यात आपण काही सांगतो आहोत असे वाटत नसावे. अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ते समजण्यासारखे आहे. नको म्हटल्याबद्दल कोणाची चौकशी होत नाही. हो म्हटले आणि काही घडले तर नोकरी धोक्यात. ज्या व्यवस्थेत नकार नेहमी सुरक्षित असतो, तिथे नकारच मिळणार.

चौदा वर्षांनंतरच्या फाईलचीही हीच गत होते. सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मण नस्कर प्रकरणात 2000 मध्ये पाच कसोट्या सांगितल्या: गुन्ह्याचा परिणाम त्या व्यक्तीपुरता होता की समाजावर झाला, पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची क्षमता संपली आहे का, आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, आणि घरची सामाजिक-आर्थिक स्थिती काय आहे. यातल्या मधल्या तीन कसोट्या माणसाच्या आजच्या अवस्थेविषयी आहेत. त्यांची उत्तरे द्यायची कोणी? ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या न्यायाधीशांचे मत मागवले जाते, पण चौदा वर्षांत तिथे अनेक न्यायाधीश येऊन गेलेले असतात. आजच्या न्यायाधीशांसमोर असते ते जुने निकालपत्र, आणि त्यात गुन्ह्याच्या दिवसापलीकडे काही नसते. म्हणून मत येते की गुन्हा गंभीर आहे. तो गंभीर होता म्हणूनच तर जन्मठेप झाली! न्यायाधीशांचे मत असे यांत्रिक असू नये, त्यात या कसोट्यांचा विचार दिसला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पुन्हा सांगितले. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले: धोरणानुसार पात्र झालेल्या कैद्याच्या सुटकेचा विचार त्याने अर्ज केला नसला तरी शासनाने आपणहून करावा आणि निर्णयाची कारणे द्यावीत. अशिक्षित, वकील नसलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या कैद्यासाठी हा निकाल फार मोलाचा आहे. पण कारणे कशावरून द्यायची, हा प्रश्न तिथेच राहतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर दरसाल पिकाची नोंद होते, पड जमीन असेल तर पड म्हणून लिहिले जाते. माणसाच्या चौदा वर्षांसाठी तेवढीसुद्धा काळजी घेतलेली नाही.

नोंद नसली की तिची जागा मर्जी घेते, आणि मर्जी दोन्ही बाजूंनी चालते. गरीब कैद्याची फाईल पडून राहते, तशीच वजनदार माणसाची फाईल पळते. बिल्किस बानो प्रकरणातील अकरा जणांना 15 ऑगस्ट 2022 रोजी गुजरात सरकारने सोडले, बाहेर त्यांचे हार घालून स्वागत झाले, आणि जिच्यावर अत्याचार झाले, जिचे लेकरू आणि आप्त मारले गेले, तिला कोणी विश्वासात घेतले नव्हते. 8 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण खटला मुंबईत चालल्यामुळे निर्णयाचा अधिकार गुजरातला नव्हताच. त्या प्रकरणाने सुटकेच्या कल्पनेलाच बट्टा लावला. लोकांच्या मनात असे बसले की सूट म्हणजे राजकीय कृपा. कृपा आणि कारण यांतला फरक दाखवणारा कागद कोणाकडेही नसेल, तर लोकांनी असे समजू नये असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

वेगळे काही शक्य आहे का, असे विचारणाऱ्याला मी सांगली जिल्ह्याबाहेर पाठवणार नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. 1939 मध्ये औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ही वसाहत उभी केली. त्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानात लोकांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली होती आणि त्यामागे गांधीजींचा सल्ला होता. वसाहतीमागची प्रेरणा मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याची. हा माणूस भारतानंद नाव घेऊन औंधच्या कामात उतरला होता. कल्पना साधी होती आणि धाडसी होती. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीशिवाय ठेवायचे, शेती करायला लावायची, बायको-मुलांसह राहू द्यायचे, आणि पहारेकऱ्याऐवजी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. जागा निवडली तीही माणदेशातली, पावसाने पाठ फिरवलेली, जिथे दोन हात जास्त असतील तर हवेच असतात. पुढे 1957 मध्ये व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला, ग. दि. माडगूळकरांनी त्याची कथा लिहिली, आणि स्वतंत्रपूरची गोष्ट देशभर पोचली. गदिमा याच माणदेशातले, म्हणून त्यांना ती ठाऊक होती.

चित्रपट सर्वांना आठवतो, वसाहत आठवत नाही. ती आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे, निवडक जन्मठेपेचे बंदी तिथे कुटुंबासह राहतात, शेती करतात, त्यांची मुले शाळेत जातात. आटपाडीच्या बाजारात ते इतर शेतकऱ्यांसारखेच दिसतात. गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांत आटपाडीच्या लोकांनी या शेजाऱ्यांविरुद्ध उठाव केला नाही, 'शांततेचा भंग' झाला नाही. पोलीस अहवालातल्या त्या साचेबद्ध वाक्याला याहून मोठे उत्तर मला दुसरे दिसत नाही. आणि तरीही इतक्या वर्षांत स्वतंत्रपूर मोजक्या कुटुंबांपुरतेच राहिले. राज्यात पैठण, येरवडा, विसापूर, मोर्शी अशी खुली कारागृहे आहेत, पण कुटुंबासह राहण्याची सोय हा आटपाडीचा विशेष. राजस्थानने सांगानेरला 1963 पासून अशीच वाट धरली, कैदी दिवसा बाहेर जाऊन स्वतः कमावतात आणि संध्याकाळी परत येतात, वसाहतीचा कारभार त्यांची पंचायत पाहते. ज्या कल्पनेचा पहिला वाफा आपल्या दुष्काळी तालुक्यात लागला, ती कल्पना पुढे नेण्यात राजस्थान आपल्या पुढे गेला, याची मला खंत वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत तर वाट आणखी अरुंद आहे. नवऱ्याच्या खुनात शिक्षा झालेल्या बाईला सासर नसते आणि माहेर उरत नाही. रजेवर सुटायचे तर बाहेर कोणीतरी जबाबदारी घेणारा, जामीन राहणारा लागतो. तिच्यासाठी भाऊसुद्धा सही करत नाही. नियम पुरुष-स्त्री असा भेद करत नसला तरी प्रत्यक्षात रजेचा हक्क तिच्यासाठी कागदावर राहतो. अशा बाईची रजा एखाद्या शासकीय महिला वसतिगृहाच्या जबाबदारीवर मंजूर करायला काय अडचण आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

या सगळ्याला एक आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. ज्यांचा माणूस गेला त्यांचे काय? त्यांच्या घरात रोज संध्याकाळी एक ताट कमी वाढले जाते. मारणारा बी.ए. होतो, कर्ज काढून मुलीला शिकवतो, आणि मेलेल्याची मुलगी शाळा सोडून ऊसतोडीला जाते. हा राग खरा आहे, आणि कैद्याच्या हक्कांविषयी बोलणारे पुष्कळ लोक त्याच्याकडे पाहायचे टाळतात म्हणून त्यांचे बोलणे गावात पटत नाही. पण या रागाला आपली व्यवस्था देते काय? मारणाऱ्याची कैद, एवढेच. बळींना नुकसानभरपाई देण्याची तरतूद 2008 च्या दुरुस्तीने कायद्यात आली, महाराष्ट्राने 2014 मध्ये तिची योजना केली, आणि ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. खून झालेल्या किती घरांना हे माहीत असते? पोलीस पंचनामा करतात, साक्षी घेतात, निकालानंतर पेढे किंवा निराशा, आणि मग त्या घराशी कोणाचा संबंध राहत नाही. चौदा वर्षांनी हवालदार एकदम दारात येऊन विचारतो, की तो सुटला तर तुमची हरकत आहे का. मधल्या काळात त्या घराला ना मदत मिळाली ना माहिती. अशा प्रश्नाला 'हरकत आहे' याखेरीज दुसरे उत्तर असूच शकत नाही, आणि ते उत्तर मागून शासन आपली जबाबदारी त्या विधवेच्या खांद्यावर टाकते.

फौजदारी कारवाईच्या प्रत्येक टप्प्यावर बळीचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात सांगितले आहे. सुटकेचा टप्पा त्याला अपवाद का असावा? माझे म्हणणे असे, की मृताच्या कुटुंबाला सुटकेवर नकाराधिकार असू नये, कारण मग शिक्षा म्हणजे दोन घरांमधला सौदा होईल, आणि आपल्या गावांत पैसा व दबाव कोणाकडे असतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण ऐकले जाण्याचा हक्क मात्र त्यांना असावा, तोही हवालदाराच्या जबाबातून नव्हे तर विधी सेवा प्राधिकरणासमोर, वकिलासह. त्यांना काय भीती वाटते, तो कुठे राहू नये असे वाटते, कोणत्या अटी हव्यात, हे त्यांनी सांगावे. सुटकेला अशा अटी घालण्याचा अधिकार शासनाला आहेच. भाऊबंदकीतल्या खुनात दोन्ही घरे एकाच वस्तीवर असतात; अशा वेळी सुटलेल्याने काही वर्षे दुसऱ्या तालुक्यात राहावे ही अट दोन्ही बाजूंच्या भल्याची ठरेल.

शिक्षा कमी झाली तर खून वाढतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. बांधावर कुऱ्हाड उगारणारा माणूस त्या क्षणी चौदा आणि वीस वर्षांचा हिशेब करत नाही. पकडले जाण्याची आणि खटला लवकर निकाली निघण्याची खात्री माणसाला जितकी रोखते, तितकी वर्षांची संख्या रोखत नाही. वय वाढते तसा हिंसक गुन्ह्याकडचा कल ओसरतो आणि खुनाची शिक्षा भोगून सुटलेल्यांनी पुन्हा खून केल्याची उदाहरणे थोडी असतात, हा जगभरातल्या अभ्यासकांचा अनुभव आहे. ज्यांच्याबद्दल धोका खरोखर आहे त्यांना आत ठेवलेच पाहिजे, आणि टोळीचा म्होरक्या व बांधावरचा शेतकरी यांच्यातला फरक ओळखायचा तर पुन्हा नोंदच लागते.

म्हणून मागणी नोंदीची आहे. शिक्षा लागल्यापासून दर वर्षी प्रत्येक जन्मठेपेच्या बंद्याविषयी कारागृहाबाहेरच्या माणसांनी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते आणि विधी सेवा प्राधिकरणाचा प्रतिनिधी यांनी, त्याला प्रत्यक्ष भेटून लेखी अहवाल द्यावा. त्यात त्याचे काम, शिक्षण, शिस्त, व्यसन, गुन्ह्याविषयी तो आता काय म्हणतो, घरच्यांशी संबंध, सगळे असावे. वाईट असेल तर वाईट लिहावे. अहवालाची प्रत कैद्याला मिळावी, म्हणजे आपल्याविषयी काय लिहिले जाते हे त्याला कळेल आणि चुकीचे असेल तर तो हरकत घेईल. त्याच वेळी दुसरा अहवाल मृताच्या घराचा असावा: भरपाई मिळाली का, मुलांचे शिक्षण चालू आहे का, कोणी धमकावते का. चौदा वर्षांनी सरकारपुढे, न्यायाधीशांपुढे आणि गावापुढे या दोन चोपड्या असतील, तर निर्णय हो असो की नाही, त्याला कारण असेल.

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसू लागले आहे. सातारा आणि सांगलीच्या खुनांच्या अपिलांसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, आणि रजेचा किंवा सुटकेचा अर्ज बेकायदा फेटाळला गेला तर कळंब्यातल्या कैद्याच्या वकिलाला न्यायालय हाकेच्या अंतरावर आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या विधी सेवा प्राधिकरणांनी आणि कळंबा कारागृहाने मिळून असा प्रयोग या तीन ठिकाणांपुरता सुरू करायला नवा कायदा लागत नाही. लागतात ती काही माणसे, थोडा निधी, आणि स्वतंत्रपुरात आणखी घरे बांधण्याइतकी जमीन. ती आटपाडीच्या माळावर आजही आहे.